गाडीची कंपनी बुडते तेव्हा पैसे कुणाच्या खात्यात जावेत?

कार कंपनी डबघाईला आली की सरकारने तिला वाचवावं का, यावर वाद झडतो. त्यात कारखाना आणि भागधारक एकाच मापाने मोजले जातात. कारखाना वाचवण्याजोगा असू शकतो. भागधारकांचा तोटा तिजोरीतून भरून देण्याचं कारण मला दिसत नाही.

जनरल मोटर्सने १ जून २००९ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि १० जुलैला चांगली मालमत्ता घेऊन नवी कंपनी उभी राहिली. जुन्या भागधारकांना जवळपास काही मिळालं नाही. अमेरिकी सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर घातले, ११ अब्जांच्या आसपास बुडाले. मारुतीतही बुडीत कंपनीची मालमत्ता सरकारने १९८० मध्ये घेतली, १९८२ मध्ये सुझुकीला भागीदार केलं.

खरी पडझड होते ती व्हेंडरकडे, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांकडे. कंपनी आधी त्यांची बिलं लांबवते. बहुतेक बँका ९० दिवसांपुढची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये (माल आणि येणी पाहून ठरणारी उचलीची मर्यादा) धरत नाहीत, त्यामुळे पैसे अडकले की नेमकी तेव्हाच कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची, मर्यादाही आकसते. मग पत्रा घ्यायला पैसे नाहीत, आणि त्याच प्रेसवर ज्या दुसऱ्या कंपनीचा माल निघतो तिची लाइनही थांबते. म्हणूनच २००८ मध्ये फोर्डने प्रतिस्पर्ध्यांना सरकारी मदत देण्याची बाजू घेतली. डायही (पत्र्याला आकार देणारे साचे) बहुधा कंपनीच्या मालकीच्या. त्या परत जातात, बिल तेवढं राहतं.

आपल्या दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ मध्ये कामगारांचं २४ महिन्यांचं वेतन तारणधारक बँकांच्या बरोबरीने येतं. विनातारण व्हेंडर मात्र सरकारी देण्यांच्याही मागे. तिथवर पैसे क्वचितच उरतात.

म्हणून मदत द्यायचीच तर कंपनीने स्वीकारलेल्या बिलांवर हमी द्यावी. मार्च २००९ मध्ये अमेरिकेने पुरवठादारांसाठी ५ अब्ज डॉलरपर्यंतची अशीच योजना आणली होती. कुर्ल्याच्या प्रीमिअरला, म्हणजे पद्मिनी गाडी बनवणाऱ्या कंपनीला, तर आयातबंदीच्या भिंतीचा आडोसा वर्षानुवर्षं मिळाला. साठच्या दशकातल्या फियाटचा साचाच ती चालवत राहिली. तोही बेलआउटच, म्हणजे सरकारी मदतच, फक्त बिल ग्राहकाच्या नावाने.

साकीनाका-भांडुपच्या वर्कशॉपवाल्यांनी मात्र सरकारची वाट बघू नये. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) हवीच, म्हणजे बिल चुकतं करायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत कंपनीला कायद्याने लागू होते. बिलं ट्रेड्सवर (TReDS, बिलं वटवण्याचा ऑनलाइन मंच) टाका: कंपनीने स्वीकारलेल्या बिलाचे पैसे फायनान्सर देतो, आणि कंपनी बुडाली तरी ते तुमच्याकडून परत मागत नाही. स्वीकृतीला उशीर व्हायला लागला की पुढची डिलिव्हरी आगाऊ रकमेवरच.