आमची वाटचाल : जांभळ्या रंगाची तक्रार आणि त्यानंतर

आमच्या व्यवसायातली पहिली तक्रार जांभळ्या रंगाची होती. बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या राहत्या घराच्या माळ्यावर मी कॉमिक्समधल्या मुखवटेधारी वेताळाचे, म्हणजे फँटमचे, एक चित्र काढले होते, माझ्या धाकट्या भावाने रावपुऱ्यातील एका छापखान्यातून त्याच्या चाळीस प्रती छापून आणल्या होत्या, आणि त्यांतली पहिली प्रत घेणारे गृहस्थ दुसऱ्याच दिवशी ती परत घेऊन आले. ‘‘ताई, संगणकावर दाखवलात तो वेताळ जांभळा होता, हा भाजलेल्या वांग्यासारखा दिसतो,’’ असे ते अगदी शांतपणे म्हणाले. आम्ही पैसे परत केले. उरलेल्या एकोणचाळीस प्रती आजही माळ्यावर आहेत.

संगणकाचा पडदा स्वतः प्रकाश देतो आणि कागद केवळ पडलेला प्रकाश परत पाठवतो, एवढी साधी गोष्ट ललित कला विद्याशाखेत उपयोजित कला शिकूनही माझ्या अंगवळणी पडली नव्हती. पडद्यावर लाल, हिरवा आणि निळा यांच्या मिश्रणातून जो लखलखीत जांभळा उमटतो, तो छपाईच्या आकाशी, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून पुरता निघत नाही. शिवाय त्यात किरमिजी शाई जराशी कमी पडली की तो निळ्याकडे झुकतो, आणि काळी जास्त झाली की मळकट होतो. मोठ्या आकाराचे काम हातात घेण्याआधी त्याच कागदावर वीतभर पट्टी छापून पाहण्याची शिस्त आम्हाला छापखान्याच्या काकांनी लावली. त्या पट्टीचे पैसे ते कधीच घेत नसत, हेही इथे नोंदवले पाहिजे.

गंमत अशी की वेताळाचा जांभळा रंगही असाच छपाईतून आलेला आहे. ली फॉक यांनी १९३६ साली सुरू केलेली ती चित्रमालिका आधी कृष्णधवल होती. फॉक यांच्या मनात पोशाख करडा होता, पण १९३९ मध्ये रविवारच्या रंगीत पानावर तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. स्वीडनमध्ये तोच पोशाख निळा झाला, इटलीत लाल. आपल्याकडे १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले आणि वेताळ मराठी घरांत शिरला. आमच्या घरात तो काकांच्या ट्रंकेतून आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठ खाली, पाय भिंतीला अशा अवस्थेत आम्ही भावंडांनी ते अंक इतक्या वेळा वाचले की पिना निघून पाने सुटी झाली. मी चित्रकार झाले त्यामागे शाळेतल्या चित्रकलेच्या तासापेक्षा त्या सुट्या पानांवरून केलेल्या नकलांचा वाटा मोठा आहे.

नकलेपासून सुरुवात झाल्यामुळे पहिली दोन वर्षे आम्ही आवडत्या पात्रांची चित्रेच विकली. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यात, चित्रकारांसाठी असलेल्या रांगेत एक टेबल भाड्याने घेतले, तिथे चिकटचित्रे आणि ए-फोर आकाराची छापील चित्रे चांगली खपली, आणि परतीच्या गाडीत भावाने वहीत हिशेब मांडून मोठ्या दुकानाचे स्वप्नही पाहिले. त्या काळातले माझे सर्वांत आवडते चित्र बडोद्याचे होते : वेताळ शेव-उसळीच्या गाडीपाशी उभा आहे, तर्री नाकाशी झोंबते आहे आणि डोळे पुसायला मुखवटा काढता येत नाही. लोक ते पाहून मनापासून हसत.

मग एका सकाळी एका ऑनलाइन बाजारपेठेने आमची अकरा चित्रे हक्कभंगाच्या कारणाने एकदम काढून टाकली. मला राग आला, कारण रेघ माझी होती, कल्पना माझी होती, शेव-उसळ तर नक्कीच आमची होती. ओळखीच्या वकीलकाकांनी मात्र १९५७ चा प्रताधिकार कायदा समोर ठेवला. चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे साठ वर्षे टिकतो. खासगी उपयोग, अभ्यास किंवा समीक्षा यांसाठी कायदा सूट देतो, परंतु दुसऱ्याचे पात्र छापून विकणे त्या सवलतीत बसत नाही, मग त्याला आपण कितीही प्रेमाने फॅन आर्ट म्हटले तरी. ‘‘प्रेम आहे ना, मग भिंतीवर लावा, गल्ल्यात कशाला?’’ असे ते म्हणाले. त्या वेळी ते वाक्य लागले. आज मी ते बरोबर मानते.

त्यानंतरचे वर्ष वाईट गेले. गणपतीच्या दिवसांत एका मंडळाने कार्टूनच्या पात्रांचे दोनशे टी-शर्ट मागितले आणि आम्ही नकार दिला, तेव्हा आईने दोन दिवस अबोला धरला. पुढे मिकी माऊसच्या १९२८ मधील पहिल्या बोलपटाचा हक्क अमेरिकेत १ जानेवारी २०२४ ला संपल्याची बातमी वाचून ग्राहकांची रीघ लागली; परंतु त्या चित्रपटातला उंदीर कृष्णधवल आणि हातमोज्यांशिवायचा आहे, लोकांना हवा असतो तो लाल चड्डीचा आणि पांढऱ्या मोज्यांचा, आणि नाव व आकृती यांवरचा व्यापारचिन्हाचा हक्क तर निराळाच. तेही काम आम्ही घेतले नाही.

वाट सापडली ती गावातच. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, त्यांचे निधन १९४४ साली झाले, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ तर १९१३ चा. म्हणजे त्यावरून चित्रे काढायला कोणाची आडकाठी नव्हती. डोंबाचा डोळा चुकवून हातगाडीवरच्या कॅमेऱ्यापुढे उभी असलेली तारामती, साडी सावरणारे पुरुष नट, हात फिरवून चालवायचा कॅमेरा, असे बारा चित्रांचे दिनदर्शिकेचे काम मी चार महिने केले. ती दिनदर्शिका शेव-उसळीच्या वेताळाइतकी हातोहात खपली नाही, पण ती पाहून एका कुटुंबाने आजोबांच्या पंच्याहत्तरीसाठी त्यांच्या आयुष्याची चित्रकथा करून मागितली. आज आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग अशाच कामांतून येतो : लग्नपत्रिकेऐवजी आठ चौकटींची गोष्ट, दुकानासाठी स्वतंत्र पात्र, शाळेच्या अंकाची मुखपृष्ठे.

फॅन आर्ट मी सोडलेले नाही. रविवारी सकाळी कामाला येणाऱ्या दोन शिकाऊ मुलींसोबत आम्ही प्रत्येकी एक आवडते पात्र काढतो, तेही मूळ चित्र आदल्या रात्री पाहून आणि मग बंद करून ठेवून, कारण समोर ठेवून काढले की हात गिरवतो, आणि आठवणीतून काढले की जे विसरले गेले तिथे आपली रेघ येते. ती चित्रे विक्रीला नसतात.

गेल्या दिवाळीत ते जांभळ्या रंगाचे गृहस्थ पुन्हा आले आणि त्यांनी पुन्हा वेताळच मागितला. मी नाही म्हटले आणि त्यांच्याच लहानपणाचे चित्र काढून देण्याची तयारी दाखवली : सूरसागर तलावाच्या काठावर बसून अंक वाचणारा मुलगा. मुखपृष्ठावर कोणतेही पात्र नाही, फक्त रंग आहे. तीन पट्ट्या छापून झाल्यावर त्यांनी तिसरी खिडकीपाशी नेली, उजेडात धरली आणि म्हणाले, ‘‘हां, हा जांभळा.’’