नागपूर ते शिर्डी, सात माणसं आणि एक एर्टिगा : अ‍ॅव्हरेजचा खरा हिशेब

दिवाळीनंतरच्या आठवड्यात समृद्धी महामार्गाने शिर्डीला जाऊन आलो. गाडी एर्टिगा, पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल. माणसं सात : मी, बायको, दोन मुलं, आई, बाबा आणि आत्या. कंपनीच्या कागदावर या गाडीचा आकडा लिटरला २०.५१ किलोमीटर. मला जाता-येता मिळाला १५.२६. पण ही सरासरी म्हणजे सगळं नव्हे. त्याच गाडीने, त्याच रस्त्यावर, त्याच सात माणसांना घेऊन एका टप्प्यात १३ दिला आणि दुसऱ्या टप्प्यात पावणेअठरा. हा फरक कशाने पडला, ते सविस्तर लिहितो. सेव्हन सीटर घेऊन या रस्त्याने निघणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

हिशेब ठेवण्याची कल्पना बाबांची. ते एसटीच्या डेपोतल्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. त्यांच्याकडे दहा लिटरमागे किती किलोमीटर, असा हिशेब असे आणि प्रत्येक गाडीची नोंद असे. निघायच्या आदल्या रात्री मी डॅशबोर्डवरच्या अ‍ॅव्हरेजच्या आकड्याचं कौतुक करत होतो, तर ते म्हणाले, "तो आकडा गाडी स्वतःच सांगून राहिली. टाकी काय सांगते ते पाहा." मग टाकी फुल ते टाकी फुल हीच पद्धत धरली. नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, पुढे गोल रकमेसाठी एक थेंबही टाकायचा नाही. प्रत्येक वेळी ओडोमीटर आणि लिटर बाबांच्या छोट्या वहीत. डॅशबोर्ड पूर्ण प्रवासात अर्ध्या ते एक किलोमीटरने जास्तच सांगत होता.

निघण्याआधी हवा तपासली आणि तिथेच पहिली गोष्ट कळली. पंधरा दिवसांपूर्वीच सर्व्हिसिंग झालं होतं, तरी चार चाकांत चार वेगळे आकडे होते. मागच्या डाव्या चाकात २७ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). सात माणसं आणि सामान त्या चाकावर ठेवून १०० च्या वेगाने निघालो असतो, या विचारानेच पोटात गोळा आला. हवा कमी असलेलं चाक फक्त पेट्रोल जास्त मागत नाही, ते जास्त दबतं, जास्त तापतं, आणि समृद्धीच्या काँक्रीटवर तासन् तास एकाच वेगात धावताना तापलेलं चाक फुटण्याचा धोका खरा आहे. ड्रायव्हरच्या दाराजवळ खांबावर स्टिकर असतं, त्यावर भरलेल्या गाडीसाठीचा आकडा पाहा आणि तेवढी हवा भरा. सकाळी, गाडी थंड असताना. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआय वाढतो, त्यामुळे वाटेत गरम चाकाचा दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका. नायट्रोजनबद्दल मला बरेच जण विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. अ‍ॅव्हरेज दाबावर ठरतं, वायूच्या नावावर नाही.

सामानाचा प्रश्न या गाड्यांत कायमचा. तिसरी रांग उभी ठेवली की एर्टिगाच्या डिक्कीत २०९ लिटर जागा उरते, म्हणजे दोन बॅगा आणि आईची फराळाची पिशवी. उरलेलं सगळं वर कॅरिअरवर, ताडपत्री बांधून. ही ताडपत्री पुढे महागात पडली.

पहाटे साडेपाचला प्रतापनगरहून निघालो. वर्धा रोडवर तेव्हा गर्दी नसते, समृद्धी जिथे सुरू होतो त्या शिवमडक्याला पोचायला वेळ लागला नाही. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि आता ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता ठाण्याजवळच्या आमण्यापर्यंत खुला आहे. पश्चिमेकडे जाताना सकाळी निघणं सगळ्यात उत्तम, सूर्य पाठीशी राहतो. दुपारी निघालात तर तीन-चार तास तो डोळ्यांत.

पहिल्या टप्प्यात मी मर्यादेला चिकटून चालवली. कारला इथे १२० ची परवानगी आहे आणि रस्ता मोकळा. काटा ११५ ते १२० वर, एसी चालू, टॉप गिअर, इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या थोडं अलीकडे. ताडपत्रीची फडफड मागे मुलांना झोपू देईना. सिंदखेडराजाच्या अलीकडे महामार्गावरच्या पंपावर टाकी फुल केली : ३३८ किलोमीटर, २५.९ लिटर. बाबांनी वहीत भागाकार केला, १३.०५. पंपावरचा मुलगा म्हणाला, "फुल लोड आणि वर कॅरिअर, मग पिणारच ना भाऊ." त्याचं बरोबर होतं, पण खरा भार हवेचा होता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलात की तो दीडपटीहून थोडा जास्त, आणि १२० ला गेलात की सव्वादोन पट. शहरात गाडीचं वजन पेट्रोल खातं, मोकळ्या रस्त्यावर गाडीचं तोंड खातं. उंच, रुंद सेव्हन सीटरचं तोंड मोठं, त्यावर आम्ही ताडपत्रीचा डोंगर बांधलेला.

४५ लिटरच्या टाकीचा विचार केला तर हा आकडा नुसत्या खर्चाचाही नाही. १३ च्या अ‍ॅव्हरेजला पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर रिझर्व्हचा दिवा लागतो. म्हणजे नागपुरात टाकी फुल केली म्हणून शिर्डीपर्यंत निश्चिंत, असं धरू नका. अर्धी टाकी राहिली की पुढचा पंप दिसेल तिथे भरा. या रस्त्यावर हवं तेव्हा बाहेर पडता येत नाही, एक इंटरचेंज चुकलं की पुढच्यापर्यंत जावंच लागतं.

तिथून शिर्डीपर्यंत वेग १०० वर बांधला. बाकी काही बदललं नाही, ताडपत्रीही तशीच. २०७ किलोमीटरला १३.६ लिटर, म्हणजे १५.२. नुसता पाय थोडा सैल केला आणि लिटरमागे दोन किलोमीटर वाढले. आता वेळेचा हिशेब करा. ५०० किलोमीटर सलग १२० ने गेलात तर चार तास दहा मिनिटं, १०० ने पाच तास. पन्नास मिनिटं वाचवायला साधारण साडेपाच लिटर जास्त, नागपूरच्या भावाने साडेपाचशे रुपयांच्या वर. आणि ती पन्नास मिनिटंही हातात येत नाहीत, कारण आत्याला आणि मुलांना घेऊन दर दीड-दोन तासांनी थांबावंच लागतं. थांबायलाच हवं. सरळ, एकसुरी काँक्रीटवर डोळे उघडे असतात आणि लक्ष नसतं, हे मी स्वतः मेहकरजवळ अनुभवलं. खिडकी उघडली, बायकोला बोलत राहायला सांगितलं आणि पुढच्या थांब्यावर वीस मिनिटं पाय मोकळे केले.

माझे साडू त्यांची टोयोटाची हायक्रॉस हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटर असलेली गाडी, घेऊन सोबत होते. तिचा कागदावरचा आकडा २३.२४. आमच्या वेगाने त्यांना पहिल्या टप्प्यात १४.९ मिळाला, तेव्हा ते हिरमुसले. त्यांनी नाराज होऊ नये असं मला मनापासून वाटलं, कारण गाडीत काही दोष नाही. हायब्रिडची कमाई ब्रेकमध्ये आणि थांबण्यात असते. सीताबर्डीच्या गर्दीत ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद बॅटरीत जाते आणि सिग्नलला इंजिन बंद राहतं, म्हणून नागपुरात तिला १८ च्या आसपास मिळतो तिथे माझ्या गाडीला ११. महामार्गावर ब्रेकच लागत नाही, मग बॅटरीला परत मिळणार काय? तुमचं चालवणं वर्षभर शहरातलं असेल तर हायब्रिडचे जास्तीचे पैसे वसूल होतील. वर्षातून चार मोठ्या सहलींसाठी घेत असाल तर तो हिशेब पुन्हा करा.

कागदावरचे आकडे खोटे नसतात, हेही सांगायला हवं. पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेच्या पद्धतीत गाडी रोलरवर ठरलेल्या चक्रात चालते. सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास, कमाल ९०, एसी बंद. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला. सात माणसं, एसी आणि ११५ चा वेग त्या चक्रात कुठेच नाही. शिवाय आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून मिश्रणात सहा-सात टक्क्यांची घट येते. शुद्ध पेट्रोलच्या दिवसांत १६ देणारी गाडी आता १५ देत असेल तर मेकॅनिककडे धावण्याआधी हे लक्षात घ्या.

शिर्डीत दोन रात्री राहिलो. गाडी हॉटेलखालीच उभी होती. दर्शन नीट झालं, आईला रांगेत बसायला जागा मिळाली, एवढंच इथे लिहितो.

परतताना प्रयोग म्हणून ताडपत्री काढली. मोठ्या बॅगा मधल्या रांगेत पायांखाली, छोट्या मुलांच्या मध्ये. थोडी अडचण झाली, आत्याने कुरकुर न करता पाय बॅगेवर ठेवले. वेग पुन्हा १०० च. सिंदखेडराजापर्यंत २११ किलोमीटर, १३.१ लिटर : १६.१. जातानाच्या १०० च्या टप्प्यापेक्षा जवळजवळ एक किलोमीटर जास्त. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. शिर्डी नागपूरपेक्षा उंचावर आहे, नागपूर ३१० मीटरच्या आसपास आणि शिर्डी ५०० च्या. म्हणून येताना थोडा उताराचा फायदा मिळतो. पण आमच्या भरलेल्या गाडीला ती १९० मीटरची चढण चढवायला लागणारं पेट्रोल मी मोजून पाहिलं, तर ते पूर्ण प्रवासात अर्ध्या लिटरच्या आतबाहेर येतं. बाकीचं श्रेय मोकळ्या टपाला. आषाढ-श्रावणात जाणार असाल तर पश्चिमेचा वारा जाताना समोरून असतो, तेव्हा जातानाचा आकडा आणखी खाली येईल हे धरून चाला.

सिंदखेडराजाला बाहेर पडा, एवढी विनंती आहे. लखुजी जाधवांचा वाडा आणि जिजाऊंचं जन्मस्थान इंटरचेंजपासून लांब नाही. मुलीने तिथे तासभर प्रश्न विचारले आणि बाबांनी एकालाही "नंतर" म्हटलं नाही.

तिथून पुढे गाडी बायकोने घेतली. ती कुणाच्या मागे धावत नाही. ९० वर काटा ठेवला, डाव्या बाजूच्या लेनमध्ये, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोर ट्रक दिसला की खूप आधी पाय काढायची. ब्रेकचे दिवे क्वचितच लागले असतील. माझी सवय उलटी, जवळ जायचं, ब्रेक मारायचा, मग पुन्हा दाबून वेग घ्यायचा. प्रत्येक ब्रेक म्हणजे आधी जाळलेलं पेट्रोल चाकावर उष्णता करून टाकणं, हे मी वर हायब्रिडबद्दल लिहिलं, पण स्वतः पाळत नव्हतो. ९० ने जाणाऱ्यांनी मात्र उजवी लेन अडवू नये, मागून १२० ने येणारे असतात आणि आरशात ते फार पटकन मोठे होतात.

थांब्यांवर एक खर्च लपलेला असतो. आई गाडीत बसून राहते म्हणून आम्ही इंजिन आणि एसी चालू ठेवायचो. उभ्या गाडीत एसीसह इंजिन तासाला साधारण लिटरभर पितं. येताना झाडाखाली गाडी लावली, खिडक्या उघडल्या, आईलाही बाहेर खुर्ची दिली. तिला तेच आवडलं. नोव्हेंबरात हे जमतं. मे महिन्यात ४५ अंशांत एसी बंद करून अ‍ॅव्हरेज वाढवायच्या भानगडीत म्हाताऱ्या माणसांना घेऊन कोणी पडू नये. एसीचा फटका मोकळ्या रस्त्यावर तसाही कमी असतो, आणि ९० च्या वर खिडक्या उघड्या ठेवल्या तर वाऱ्याचा विरोध ती बचत खाऊन टाकतो.

टोलसाठी फास्टॅगमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून अडीच हजार ठेवा. एका बाजूला हजाराच्या थोडा वर लागतो. पाणी आणि खाणं घरून घ्या. आम्ही सकाळी तर्री पोहे डब्यात नेले होते, तर्री वेगळ्या बाटलीत. रात्री सातच्या सुमारास वर्धा रोडला लागलो, मेट्रोखालच्या गर्दीत शेवटचे काही किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच गेले, आणि निघताना जिथे टाकी फुल केली होती त्याच पंपावर, त्याच मशीनवर पुन्हा फुल केली. ३४३ किलोमीटर, १९.४ लिटर.

बाबांनी चष्मा लावला, गाडीच्या बोनेटवर वही ठेवून भागाकार केला आणि तो आकडा सुनेला दाखवला : १७.७. खाली एकूण बेरीज लिहिली, १०९९ किलोमीटर, ७२ लिटर. माझ्या पहिल्या टप्प्याच्या चालीने सगळा प्रवास केला असता तर ८४ लागले असते. जानेवारीत चिखलदऱ्याला जायचं ठरतंय, आणि त्या घाटात गाडी कोण चालवणार हे बाबांनी पंपावरच सांगून टाकलं.