धोबी तलाव ते वसई : जुना सॅक्सोफोन आणायला केलेली एक दिवसाची फेरी

पन्नाशीच्या उंबरठ्यावर सॅक्सोफोन शिकायचं खूळ डोक्यात शिरलं, आणि घरात पहिला प्रश्न आला तो किमतीचा. चांगल्या कंपनीचा नवा आल्टो, म्हणजे मधल्या आकाराचा सॅक्सोफोन, लाखाच्या घरात जातो हे ऐकल्यावर नवऱ्याने चष्मा काढून पुसला. तडजोड झाली पन्नास हजारांवर, म्हणजे अर्थातच जुना. क्लासच्या सरांनी बजावलं, "पन्नासातले दहा दुरुस्तीला बाजूला ठेवा." मला ते उगाच वाटलं होतं.

आल्टोच का, तर त्याहून मोठ्या टेनरपेक्षा हलका, बोटं सहज पोचतात, फुंकायला हवाही कमी लागते. जुन्या बाजारात मालही आल्टोचाच जास्त असतो. सोप्रानो छोटा दिसतो म्हणून सोपा असेल असं मला वाटलेलं. सरांनी नुसती मान हलवली. सुरात ठेवायला तो सगळ्यात अवघड.

शनिवारी सकाळी पुण्याहून सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली. सोबत भाचा. तो तीन वर्षं सॅक्स वाजवतोय, आणि ज्यांना स्वतःला वाजवता येत नाही त्यांनी असा भाचा नेल्याशिवाय घराबाहेर पडू नये. नसेल तर क्लासमधल्या कुणालातरी जेवू घालून न्या. पिशवीत तीन वस्तू होत्या: नवी रीड (फुंकल्यावर थरथरून आवाज देणारी पातळ पट्टी), फोनमध्ये ट्यूनर (सूर बरोबर लागतोय का ते दाखवणारं ॲप) आणि दिवाळीतली यूएसबीवर चालणारी बारीक एलईडी माळ. माळेचं पुढे सांगते.

साडेदहाच्या सुमाराला सीएसएमटीला उतरून चालत धोबी तलाव. समोर मेट्रो सिनेमा, कोपऱ्यावर जेर महाल, आणि कयानी या इराण्याकडे बन मस्का. या भागातल्या गोंयकारांच्या कुडींमधून, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांमधून, बोटीवरचे खलाशी राहिले तसे वाजवणारेही राहिले, त्यामुळे वाद्यं शोधायला सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं. फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानात आधी एक नवा आल्टो हातात घेऊन पाहिला. घ्यायचा नव्हता, पण चाव्या दाबल्यावर बोटाला कसं लागायला हवं, ते नव्यावर कळतं. मग जुन्याचं ढिलेपण लगेच जाणवतं. माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा तुकडा, नवा घ्यायचं आधीच ठरवलं होतं. दुसऱ्याच्या तोंडातला, दातांच्या खुणा असलेला माउथपीस मला नको होता. यामाहाचा फोर-सी घेतला, रीड दीड आणि दोन नंबरच्या. अडीच-तीनच्या कडक रीड नवख्याने घेऊ नयेत, नुसती हवा जाते आणि गाल दुखतात.

तिथून टॅक्सीने चोर बाजार. एका जुन्या सामानाच्या दुकानात काचेत टांगलेला सॅक्स, आरशासारखा चकचकीत, किंमत बावीस हजार. मी तर विरघळलेच. भाच्याने हातात घेतला, गळ्याचा भाग बसवला आणि हलवून दाखवला: स्क्रू पूर्ण आवळला तरी गळा डुगडुगत होता. मग त्याने बेलवरच्या, म्हणजे खालच्या रुंद तोंडावरच्या, नक्षीवरून बोट फिरवलं. रेषा बोथट झालेल्या. "मावशी, हा घासून परत लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत लेप, मारलेला आहे." ट्यूनर लावून फुंकल्यावर तर सुईच भलतीकडे. आल्टोवर एफ-शार्प वाजवला की ट्यूनरवर ए हा सूर, म्हणजे ४४० हर्ट्झ, दिसायला हवा. इथे माउथपीस जवळजवळ निघेपर्यंत बाहेर ओढला तरी सूर वरच राहिला. पूर्वी हाच ए ४५२ च्या आसपास धरायचा 'हाय पिच'चा काळ होता, तेव्हाचा तो असावा. अशा वाद्यांवर कधीकधी एचपी अशी अक्षरं कोरलेली असतात. आजच्या कीबोर्डसोबत किंवा क्लासमधल्या कुणासोबत ते सुरात लागणारच नाही. दिवाणखान्यात टांगायला छान.

मुंबई सेंट्रलहून विरार फास्ट. शनिवारी दुपारी साडेबाराला बसायला मिळालं, पण संध्याकाळी वाद्य घेऊन उलट्या बाजूने यायचं असेल तर वेळ बघून निघा. भाईंदर सोडलं की खाडी आणि नायगाव, मग वसई रोड. पश्चिमेला उतरून शेअर रिक्षा.

इथे सॅक्स विकणारे गृहस्थ, म्हणजे अंकल, लग्नाच्या बँडमध्ये आणि चर्चमध्ये वाजवत आलेले. वसईच्या ख्रिस्ती वाड्यांमध्ये बँड ही घरोघरची गोष्ट. अंकलच्या घरातही भिंतीवर क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट. सॅक्स का विकताय, असं विचारलं (हा प्रश्न सगळ्यांना विचाराच), तर त्यांनी वरची कवळी काढून दाखवली. "हिच्यावर माउथपीस टिकत नाही, मॅडम." इतकं सरळ उत्तर मी विकणाऱ्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

वाद्य होतं यामाहा वायएएस-२३. विद्यार्थ्यांसाठीचं जुनं मॉडेल, आता बनत नाही. वरच्या हाय एफ-शार्पची चावी नाही, पण नवख्याला ती दोनेक वर्षं तरी लागत नाही. लॅकर हाताच्या जागी उडून पितळ काळवंडलेलं. बेलला एक छोटा पोचा. हे दोन्ही मी मनावर घेतलं नाही. पोचा नळीच्या अरुंद भागात किंवा भोकाच्या कडेला असता तर मनावर घेतला असता.

मग माळ काढली. खोलीचे पडदे ओढले, दिवा बंद केला आणि लुकलुकणारी माळ बेलमधून वरपर्यंत सरकवली. अंकल आत जाऊन आंटीला घेऊन आले, "बघ, नाताळ लवकर आला." भाचा एकेक चावी अगदी हलकी दाबायचा आणि मी पॅडच्या, म्हणजे भोक झाकणाऱ्या चामड्याच्या गादीच्या, कडेने डोळा लावून बघायची: उजेड दिसला की तिथून हवा गळते. चावी जोरात दाबली तर गळका पॅडही बसतो, म्हणून हलकीच दाबायची. वरचे पॅड अंधारे राहिले. खालच्या बी आणि बी-फ्लॅटच्या मोठ्या पॅडखाली मात्र नखाएवढी चंद्रकोर उजळली, सी-शार्पलाही, आणि जी-शार्पचं पॅड तर भोकाला चिकटून होतं. चामडं कडक, तपकिरी, दोन ठिकाणी चिरलेलं. त्यामुळेच खालचे सूर गुरगुरत होते. पॅड गळतोय की वाजवणाऱ्याचं चुकतंय, हा वाद माळ मिटवते.

आणखी दोन तपासण्या भाच्याने केल्या, त्या लिहून ठेवा. ऑक्टेव्हची, म्हणजे सूर एक सप्तक वर नेणारी, चावी दाबून जी हा सूर धरायचा: गळ्यावरची छोटी चावी बंदच राहिली पाहिजे. त्यावरून ए वर गेलं की ती उघडली पाहिजे. उलटं झालं तर गळा वाकलेला आहे किंवा आतली पट्टी. दुसरं, चाव्यांच्या दांड्या दोन बोटांनी मागेपुढे हलवायच्या. खडखड जाणवली तर आतले सांधे झिजलेत, आणि ते काम महाग. सुईसारख्या स्प्रिंगांवर गंज होता, तीन ठिकाणी. समुद्राकाठची हवा, दुसरं काय.

अंकल पंचेचाळीसला अडून होते. मी चार पॅड आणि गंजलेल्या स्प्रिंगा एकेक करून मोजून दाखवल्या, चिडून नाही, त्यांच्या शेजारी बसून. चहा झाला, सुकेळी खाऊन झाली, 'मॅडम'चं 'बाय' झालं, आणि अडतीसवर हात मिळवला. अंगठा टेकवायच्या हुकाखाली कोरलेला नंबर कागदावर उतरवला आणि त्यावर सही घेतली. पुढे कधी विकायचा झाला तर हा कागद उपयोगी पडेल.

नेताना गळा काढून कापडात गुंडाळायचा, आणि वरच्या तोंडात प्लगची टोपी घालायची. ही टोपी हरवलेली असते बऱ्याचदा, आणि नसली की ऑक्टेव्हची नाजूक दांडी पेटीत घासून वाकते. अंकलकडची होती, रबराची, कडेने कुरतडलेली. दादरला उतरून शिवनेरी पकडली. कंडक्टर पेटी डिकीत टाका म्हणाला. मी मांडीवरच ठेवली, पुण्यापर्यंत पाय बधीर.

दुरुस्तीला पुण्यातल्या कारागिराने सगळे पॅड बदलायचे पंधरा हजार सांगितले. नुसते चार पॅड, स्प्रिंगा, गळ्याचा कॉर्क आणि एकूण जुळवणी केली तर आठ. आठवालं काम करून घेतलं. म्हणजे माउथपीस आणि रीडसकट पन्नास हजार जवळजवळ तंतोतंत भरले, आणि सरांचे दहा हजार त्यात बसले, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. पेटीला जुना कुबट वास होता, दोन दिवस उन्हात उघडी ठेवली. वाजवून झाल्यावर आतून कापड ओढायचं, आणि ओल्या पॅडखाली पातळ कागद धरून चावी दोनदा दाबायची, की चिकटत नाही.

खालचा बी-फ्लॅट यायला तीन आठवडे लागले. आला तेव्हा अंकलना फोन लावून ऐकवला. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "रीड उलटी तर नाही ना लावलीस, बाय?"