गाडी न घेता ठाणे-वाशी: पासाचं गणित आणि तुर्भ्याचा फाटा

घोडबंदर रोडवरून रोज वाशीला जायचं आणि गाडी घ्यायची नाही, हे ठरल्यावर मी आधी लोकलचा पास काढला. खिडकीवर पहिल्यांदा पास काढताना फोटोचं ओळखपत्र लागतं. त्याचा नंबर पासावर येतो आणि टीसीला दोन्ही दाखवावी लागतात. नुसता पास चालत नाही.

मुदत किती घ्यायची, यात बरेच जण फसतात. मूळ भाड्याच्या हिशेबात तिमाही पास मासिकाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट. मासिक १०० रुपये धरला तर तिन्हींत महिन्याला ९० च पडतात. वर्षाचे पैसे एकदम भरून जास्तीची सूट मिळत नाही, वाचते ती फक्त रांग. म्हणून मी तिमाहीच घेते. मुदत संपायच्या १० दिवस आधीपासून नवा काढता येतो. तो जुना संपल्यावरच सुरू होतो, त्यामुळे दिवस बुडत नाहीत.

टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची बस ठाणे स्टेशनच्या सॅटिस पुलावर, म्हणजे पश्चिमेला सोडते. ट्रान्स-हार्बरची, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी लोकल सुटते ९ आणि १० नंबर फलाटांवरून, पार पूर्वेच्या टोकाला. अख्खं स्टेशन पुलावरून ओलांडायचं. गर्दीच्या वेळी याला मी सात-आठ मिनिटं वेगळी धरते.

गोंधळ होतो तो पुढे. इंडिकेटरवर वाशी आहे की पनवेल-नेरूळ, हे न बघता चढलं की तुर्भ्याला फाटा फुटतो. वाशीची गाडी सानपाड्यावरून जाते, दुसरी जुईनगरकडे वळते. चूक कळली तर तुर्भ्यालाच उतरून मागची वाशी गाडी धरावी. तुर्भेही निसटलं तर जुईनगरला उतरून हार्बरची (सीएसएमटी-पनवेल मार्गाची) सीएसएमटीकडे जाणारी लोकल पकडायची, वाशी दुसरंच स्टेशन. पण ठाणे-वाशी पासात जुईनगर येत नाही! टीसी भेटला तर 'चुकून आले' म्हणून सुटका नाही. कामानिमित्त नेरूळकडेही जाणं असेल तर पास काढतानाच मार्ग विचारून घ्यावा.

रविवारी निघायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी कुठे लोकल बंद आहेत, ते बघते. हार्बरवर ब्लॉक असला की तिकडच्या प्रवाशांना बऱ्याचदा ठाणेमार्गे जायची मुभा देतात, आणि मग आमच्या लोकलमध्ये रविवारीही उभं राहायला जागा नसते.