डीडीएस ते वर्ड: कोऱ्या पत्रांचा छडा लागला

एका गेमची टेक्श्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली चित्रं, डीडीएस फाइलींत आहेत; त्यांतला मजकूर वर्डमध्ये आणायचा खटाटोप चालू आहे. मागच्या वेळी गाडी अडली होती ती पत्रांपाशी. गेममधल्या पुस्तकांची पानं ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) बऱ्यापैकी निघत होती, पण पत्रांची आणि डायरीची टेक्श्चर टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमला दिली की हाती कोरी टेक्स्ट फाइल. एरर नाही, वॉर्निंग नाही. व्ह्यूअरमध्ये तर अक्षरं ठसठशीत!

शेवटी चित्राचे रंगांचे आणि पारदर्शकतेचे चॅनेल सुटे करून पाहिले आणि चोर सापडला. आर, जी, बी (लाल, हिरवा, निळा) तिन्ही सलग २५५, म्हणजे नुसता पांढरा पत्रा. अक्षरांचा आकार फक्त अल्फात, म्हणजे पारदर्शकतेच्या चॅनेलमध्ये. गेम त्यात आयत्या वेळी शाईचा रंग भरतो आणि व्ह्यूअर मागे राखाडी चौकटी दाखवतो, म्हणून आपल्याला मजकूर दिसतो. टेसरॅक्ट मात्र वाचण्याआधी चित्र पांढऱ्यावर बसवून अल्फा काढून टाकतो. पांढऱ्यावर पांढरं, तो बिचारा वाचणार काय?

उपाय एका ओळीचा निघाला. इमेजमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आधी अल्फा एक्स्ट्रॅक्ट (वेगळा काढणं), मग निगेट (काळं-पांढरं उलटं करणं). पांढऱ्यावर काळी अक्षरं मिळतात, आणि टेसरॅक्टला चौथ्या आवृत्तीपासून तशीच लागतात. मूळ टेक्श्चरमध्ये कॅपिटल अक्षरं जेमतेम दहा-बारा पिक्सेल उंच होती, म्हणून तिप्पट मोठं केलं. तीसच्या आसपास उंची मिळाली की तो खूश असतो.

वर बोनस असा की ही पत्रं आता पुस्तकांपेक्षा स्वच्छ निघतात. डीएक्सटी-५ या टेक्श्चर कॉम्प्रेशनमध्ये ४×४ पिक्सेलच्या प्रत्येक ठोकळ्याला रंगाच्या चारच छटा, त्यातही टोकाचे दोन रंग प्रत्येकी १६ बिटांत कोंबलेले. अल्फाला मात्र आठ पायऱ्या आणि टोकं पूर्ण ८ बिटांची. 'आर' आणि 'एन' चिकटून 'एम' होण्याचा छळ पत्रांत जवळपास थांबलाय. पहिलं अख्खं पत्र सहीसकट बरोबर आलं तेव्हा खुर्चीतून उठून एक फेरी मारली.

जाता जाता: डीडीएसचं थेट वर्ड करून देतो म्हणणाऱ्या ज्या साइट मी वापरून पाहिल्या, त्या अख्खं चित्र डॉकएक्समध्ये (वर्डच्या फाइलीत) चिकटवून देतात. फाइल उघडते, पण कर्सर अक्षरात शिरतच नाही. वेळ घालवू नका. टेक्सकॉन्व्ह हा टेक्श्चर बदलून देणारा प्रोग्रॅम घ्या, बीसी-७ कॉम्प्रेशनचं आणि डीएक्स-१० हेडरवालं (नव्या धाटणीचं) टेक्श्चरही तो मुकाट्याने पीएनजी करून देतो.

डॉकएक्सचा बेत मात्र बदललाय. आधी पँडॉक या फाइल बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमने साधा मजकूर ओतायचा विचार होता. आता दोन रकान्यांचं टेबल करतोय, डावीकडे मूळ, उजवीकडे माझं मराठी भाषांतर. त्यासाठी पायथन-डॉकएक्स ही वर्ड फाइल बनवणारी लायब्ररी. त्यात एक खोच आहे: फॉन्टचं नाव दिलं की इंग्रजी बदलतं, देवनागरी ढिम्म. देवनागरी वर्डच्या लेखी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट', तिचा फॉन्ट फाइलीच्या एक्सएमएलमधल्या आरफॉन्ट्स टॅगच्या सीएस या वेगळ्या ॲट्रिब्यूटमध्ये असतो. आकाराचंही तेच, एसझेड नाही, एसझेड-सीएस. दोन्ही हाताने एक्सएमएलमध्ये घातल्यावर रकाने एकसारखे दिसले.

पुस्तकांच्या डागाळलेल्या कागदावर आता टेसरॅक्टच्या पाचव्या आवृत्तीतलं सौवोला थ्रेशोल्डिंग (चित्र निव्वळ काळं-पांढरं करायची पद्धत) लावायचं होतं. पण हे लिहितानाच दुकानांच्या पाट्या आठवल्या. त्यांच्या अल्फात अक्षरांभोवती धुकं आहे, ते मी खराब कॉम्प्रेशन म्हणून बाजूला टाकलं होतं. ते डिस्टन्स फील्ड तर नसेल? व्हॉल्व्ह या गेम कंपनीच्या ख्रिस ग्रीन यांनी २००७ मध्ये मांडलेली युक्ती: अल्फात काठापासूनचं अंतर साठवायचं, काठ बरोबर मध्यावर. आत्ताच एक पाटी आधी चौपट केली, मग ५० टक्क्यांवर कापली. कडा ब्लेडने कापल्यासारख्या आल्यात. सौवोला थांबेल, आधी पाट्यांचं फोल्डर लावतो.