पँटालोनेची थैली

गेल्या पावसाळ्यात आमच्या हौशी ग्रुपने अत्र्यांच्या 'कवडीचुंबक'मधला एक प्रवेश बसवायला घेतला आणि कंजूष म्हाताऱ्याचं काम माझ्या वाट्याला आलं. वाक्यं चार दिवसांत पाठ झाली, पण म्हातारा काही अंगात शिरेना. मी आवाज कापरा करायचो, भुवया आक्रसायचो, आणि आमची दिग्दर्शक ताई प्रत्येक वेळी थांबवायची. शेवटी तिने चाव्यांचा एक जुडगा माझ्या कमरेला बांधला आणि म्हणाली, चेहरा विसर, तुझा जीव इथे आहे असं समजून चाल.

घरी येऊन वाचायला बसलो. 'कवडीचुंबक' मोलिएरच्या 'द मायझर'वरून घेतलंय एवढं माहीत होतं, ते १६६८ चं फ्रेंच नाटक, पण त्यातला कंजूष म्हातारा हार्पागॉन कुठून आला हे शोधत गेलो तर थेट इटलीतल्या कॉमेडिया देल्लार्तेच्या, म्हणजे फिरत्या मंडळ्या मुखवटे घालून करायच्या त्या जुन्या विनोदी नाटकांतल्या पँटालोनेपाशी पोचलो. व्हेनिसचा म्हातारा व्यापारी, लाल कपडे, काळा झगा, बाकदार नाकाचा मुखवटा आणि कमरेला पैशाची थैली. पोराच्या वयाच्या मुलीवर याचा डोळा, आणि नोकर दर वेळी त्याला गंडवणार. हार्पागॉनचीही गोष्ट हीच की, बाप आणि मुलगा एकाच मुलीच्या मागे आणि बापाचा सगळा जीव पैशाच्या पेटीत!

कॉमेडियाचे हे नट पोटासाठी नाटक करणारे होते. २५ फेब्रुवारी १५४५ ला पाडुआ शहरात आठ नटांनी नोटरीसमोर करार केला, त्यात सगळ्यांच्या पैशातून सामान वाहायला घोडा घ्यायचा, कुणी आजारी पडला तर सामायिक पेटीतून त्याला मदत करायची असं रीतसर लिहिलंय. मला हे वाचून फार भरून आलं, कारण दौऱ्यावर आजारी पडलेल्या नटाचं काय करायचं हा प्रश्न आजही तसाच आहे.

त्यांच्याकडे पूर्ण लिहिलेलं नाटक नसायचं, फक्त कथानकाचा आराखडा असायचा, आणि बाकी सगळं नटाच्या तयारीवर. एक नट बहुतेक जन्मभर एकच पात्र करायचा. मुखवटा अर्धा, म्हणजे तोंड बोलायला मोकळं पण डोळे-भुवया-गाल सगळं झाकलेलं, मग राग काय नि लोभ काय, मान, पाठ आणि पावलांतूनच दाखवावा लागणार. प्रेमी जोडीला मात्र मुखवटा नाही. स्त्रियांची कामं स्त्रियाच करायच्या, इझाबेला आंद्रेइनी ही नटी तर त्या काळात फ्रान्सपर्यंत गाजली, आणि तेव्हा इंग्लंडमध्ये मुलगे साड्या, म्हणजे झगे नेसून नायिका होत होते.

मोलिएरने हे पुस्तकातून नाही उचललं. १६५८ मध्ये पॅरिसला आल्यावर त्याच्या कंपनीला पती-बुर्बों थिएटर मिळालं ते इटालियन मंडळींबरोबर वाटून, आठवड्यातले काही दिवस यांचे प्रयोग, काही दिवस त्यांचे, आणि त्या मंडळींत स्कारामुश हे कॉमेडियातलं पात्र करणारा तिबेरिओ फिओरिली होता. इतकं जवळून रोज बघायला मिळाल्यावर हात-पाय शिकणारच ना माणूस. मुखवटा गेला, अंग राहिलं.

हार्लेक्विनचं, म्हणजे कॉमेडियातल्या नोकराचं अंग मात्र मला व्हिडिओत बघायला मिळालं. अठराव्या शतकातला इटालियन नाटककार गोल्दोनी याचं दोन मालकांच्या नोकराचं नाटक दिग्दर्शक जॉर्जो स्ट्रेलरने १९४७ मध्ये मिलानच्या पिकोलो थिएटरमध्ये केलं, पहिला हार्लेक्विन मार्चेल्लो मोरेत्ती, त्याच्यानंतर फेरूच्चो सोलेरी, आणि सोलेरीने ते काम म्हातारपणापर्यंत केलं. त्यातला माशीचा तुकडा मी किती वेळा पाहिला असेन! नोकर उपाशी आहे, माशी दिसते, तो दबा धरतो, झडप घालतो, मग ती माशी मुठीत धरून निवांत खातो. माशी नाहीच तिथे, पण मान अशी वळते की आपल्यालाही ती उडताना दिसते. ही भूक खरी आहे, उत्तरेतल्या बेर्गामोहून व्हेनिसला हमाली करायला आलेल्या गरिबांची, हे पात्र त्यांच्यातूनच उभं राहिलं. (आणि आपण ज्याला पँट म्हणतो, आजोबा पाटलोण म्हणायचे, तो शब्दही पँटालोनेच्या नावावरूनच आलाय, त्याच्या लांब विजारीमुळे.)

दुसऱ्या दिवशी तालमीत मी गुडघे वाकवले, पाठ कमानीसारखी केली, मान पुढे काढली, पावलं छोटी, आणि आवाजाला हातच लावला नाही. पोराशी भांडणाचा भाग आला, वाक्य रागाचं होतं, आणि ते बोलता बोलता माझा डावा हात आपोआप जुडग्यावर गेला, चाव्या वाजू नयेत म्हणून मुठीत घट्ट धरला. ताईने या वेळी थांबवलं नाही.