पितळी सरदाराचा ठसा घ्यायला लागलेले अकरा आठवडे

इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये, फरशीत बसवलेल्या पितळी पत्र्यावर कोरलेल्या सरदाराचा कागदावर ठसा घ्यायचा होता. प्रत्यक्ष काम एका दुपारचं. परवानगीला मात्र अकरा आठवडे लागले, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

हे वेड लागलं कँटरबरीजवळच्या चार्टहॅमला. तिथल्या चर्चमध्ये सर रॉबर्ट द सेप्टव्हान्स यांची 1306 च्या सुमाराची पितळी प्रतिमा आहे. कुरळे केस, उघडं डोकं, जोडलेले हात आणि ढालीवर चक्क सुपं! आडनावाचाच अर्थ ‘सात सुपं’, म्हणून घराण्याचं चिन्हही तेच. आजी ओसरीवर तांदूळ पाखडायची तो आवाज मला तिथे ऐकू आला. सातशे वर्षांपूर्वीचा सरदार एकदम ओळखीचा वाटला.

मग घराजवळच्या त्या खेड्यातल्या चर्चला ईमेल केली. तीन आठवडे उत्तर नाही. ऑफिस आठवड्यातून दोनच दिवस, तेही सकाळीच उघडं. नंतर फॉर्म आला. ‘संस्थेचे नाव’ हा रकाना मी मोकळा सोडला, कारण मी एकटीच होते. फॉर्म परत. ‘वैयक्तिक’ लिहून पुन्हा पाठवला, तेव्हा कळलं की निर्णय समितीचा, आणि बैठक महिन्याभराने. बैठकीत विषय पुढे ढकलला, का तर कोणता कागद आणि कोणतं मेण वापरणार ते मी लिहिलं नव्हतं. फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता! हे आधी एका ओळीत विचारलं असतं तर?

शेवटी चर्चच्या पोर्चमधल्या फलकावरून वॉर्डनचा, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणाऱ्यांचा, नंबर घेतला. त्या गृहस्थांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, स्वतः समितीच्या सभासदांना विचारलं आणि काही दिवसांत होकार कळवला. तुम्ही पहिला फोन वॉर्डनलाच करा. आणि पहिल्याच पत्रात लिहा: पातळ पण चिवट कागद, हीलबॉल म्हणजे चांभार वापरत ते काळं मेण, आणि चिकटपट्टी फक्त दगडावर, पितळेवर नाही. रविवार टाळा. लग्नाच्या तारखाही विचारून घ्या.

आधी मऊ ब्रशने धूळ झाडा. एक खडा राहिला तरी पितळेवर ओरखडा उठतो. वर कागद ठेवून मेण घासलं की पितळ काळं उमटतं, कोरलेल्या रेषा पांढऱ्या राहतात.

हो, ढालीबद्दल राहिलंच. ठशात जो भाग सलग पांढरा येतो, तिथे पितळ खोदून रंग भरलेला असायचा. बहुतेक ठिकाणी तो केव्हाच गेला. सरे परगण्यातल्या स्टोक डॅबर्ननला सर जॉन डॅबर्नन यांच्या पितळी प्रतिमेत ढालीवरचा निळा मिना मात्र टिकून आहे. आडव्याउभ्या रेषांवरून रंग ओळखायला जाऊ नका. रेषांनी ढालीचे रंग दाखवायची ती पद्धत सतराव्या शतकातली, या प्रतिमांच्या खूप नंतरची.

मी पायाकडून सुरुवात केली. आधी सरदाराच्या पायाशी कोरलेल्या सिंहाची शेपटी आली, मग पंजे, मग टाचेची आर. गुडघे सुजले होते, पण चेहरा उमटेपर्यंत मी उठले नाही.